खुकरी म्हटलं की एकटे कॅप्टन मुल्लाच का आठवतात?

डोलकाठी:
दीवला गेलेल्यांनी चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवरचं स्मारक पाहिलं असेल. काचेच्या मोठ्या पेटीत आपल्या नौदलाच्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे आणि समोर अरबी समुद्र आहे. ९ डिसेंबर १९७१ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारून खुकरी बुडवली. आदल्याच दिवशी ती कृपाण या दुसऱ्या युद्धनौकेबरोबर मुंबईहून पाणबुडीच्या शोधात निघाली होती. काही मिनिटांत नौका गेली, आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. ६७ जण वाचले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

खुकरीचे कप्तान, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, जमतील तेवढ्यांना समुद्रात उतरवलं आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, मुंबईत नेव्ही नगरमध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. हे सगळं व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. खुकरीवर लिहिलेलं काहीही उघडा, दुसऱ्या परिच्छेदात मुल्ला येतात आणि शेवटपर्यंत तेच राहतात. उरलेले १९३ जण आकड्यात राहतात. त्यात बॉयलर सांभाळणारे स्टोकर होते, स्वयंपाकी होते, सिग्नलवाले होते, विशीतली पोरं होती. कुणाचं गाव कुठलं, कोण नुकताच रुजू झाला होता, कुणाचं लग्न ठरलं होतं, यातलं फारसं काही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

दुसरं, ४ डिसेंबरला आपण नौदल दिन करतो, कारण १९७१ मध्ये त्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला. २०२३ मध्ये तो सोहळा आपल्या तारकर्लीला झाला. पाचच दिवसांनी ९ डिसेंबर येतो आणि नौदलाबाहेर कुणाला पत्ता नसतो. कराचीत मात्र याच तारखेला हँगोर दिन पाळतात, आणि ती पाणबुडी तिथल्या सागरी संग्रहालयात जपून ठेवली आहे. मारणाऱ्या पाणबुडीची तारीख त्यांना पाठ आहे आणि मेलेल्या माणसांची तारीख आपल्याला नाही, हे मला सहन होत नाही.

विजयदुर्गकर:
तळमळ कळली, पण मुद्दा पटला नाही. लोकांच्या मनात प्रसंग राहतो तो एका माणसाच्या रूपाने. पावनखिंडीत बाजीप्रभूंबरोबर पडलेल्या बांदलांपैकी किती जणांची नावं तुम्हाला सांगता येतील? म्हणून पावनखिंडीची आठवण अपुरी ठरते का? बाजीप्रभू आठवले की ते सगळे आठवतात.

मुल्लांचंही तसंच आहे. त्यांची गोष्ट नसती तर खुकरी हे नाव आज नौदलाच्या दप्तरात पडून राहिलं असतं. पन्नास वर्षांनंतर तुम्ही हा धागा काढलात तोसुद्धा त्या एका माणसामुळे. शाळेतल्या पोरांना १९४ नावं वाचून दाखवा, दुसऱ्या दिवशी एकही लक्षात नसेल. एक कप्तान बुडत्या नौकेवर थांबला, हे जन्मभर लक्षात राहील.

डोलकाठी:
बांदलांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत, ही आपली हळहळ आहे. खुकरीच्या माणसांची प्रत्येकाची नोंद आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या भिंतीवर ग्रॅनाइटच्या विटांवर नावं कोरलेली आहेत. नाव असूनही माणूस हरवतो तेव्हा दोष काळाला देता येत नाही. आपण विचारायलाच गेलो नाही.

जुना_खलाशी:
मी ७१ नंतर बऱ्याच वर्षांनी नौदलात गेलो, इंजिन रूममध्ये होतो. खुकरीवर नव्हतो, पण वाफेवर चालणाऱ्या नौकेच्या पोटात पाळी केली आहे, म्हणून लिहितो.

तिथे खाली काय असतं ते वर राहणाऱ्याला सांगून कळत नाही. बॉयलरची धग, कानात बोलावं लागेल असा आवाज, पायाखाली तेलकट लोखंडी जाळी. वर जायला एक उभी शिडी, एका वेळी एकच माणूस चढेल एवढी. युद्धात दोन कप्प्यांमधली दारं आणि हॅच, म्हणजे वर जायच्या वाटेवरची झाकणं, घट्ट लावलेले असतात, एका कप्प्यात पाणी शिरलं तर बाकीची नौका तरंगावी म्हणून. नौका कलली की शिडी भिंतीला लागते, दिवे जातात, आणि ज्या हॅचने तुम्हाला वाचवायचं तोच उघडत नाही. खुकरी १२०० टनांच्या आसपासची लहान फ्रिगेट होती. अशी नौका दोन-तीन मिनिटांत जाते म्हणजे खालच्या पाळीवर असलेल्यांना शिडीपर्यंत पोचायलाही वेळ नसतो. कोण जगला आणि कोण गेला, हे त्या रात्री पुष्कळदा पाळीच्या तक्त्याने ठरवलं.

धागाकर्त्यांशी म्हणून सहमत. कप्तानाला निवड करता आली आणि त्यांनी ती फार मोठ्या मनाने केली. खालच्यांना निवडच नव्हती. तरी ते आपल्या जागेवर होते. त्यांचीही गोष्ट सांगा.

प्रश्नचिन्ह:
काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात कालवलं. पण मग पुढचा प्रश्नही विचारायला हवा, जो कुणी विचारत नाही. पाणबुडीच्या टापूत खुकरी इतकी संथ का चालली होती?

नौदलाच्याच अधिकृत इतिहासात आहे की तिच्या सोनारचा, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचा, पल्ला वाढवण्याचा प्रयोग त्या वेळी चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवला जात होता. हँगोर ही फ्रेंच बनावटीची नवी डॅफ्ने वर्गातली पाणबुडी. तिचं सोनार आपल्यापेक्षा लांबचं ऐकत होतं. म्हणजे शिकारीला निघालेल्या दोन्ही नौका तिला आधी दिसल्या. पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला तो फुटला नाही, दुसरा खुकरीला लागला. जुनी यंत्रणा देऊन माणसं पाठवली गेली. बलिदान बलिदान म्हणत राहिलो की हा हिशेब बाजूला पडतो. माझ्या मते खरी आठवण या हिशेबापासून सुरू होते.

विजयदुर्गकर:
हे मला अजिबात मान्य नाही. घरात बसून पन्नास वर्षांनी वेगाचा हिशेब मांडणं सोपं आहे. सोनारचा पल्ला कमी होता म्हणूनच तर तो वाढवायचा प्रयत्न चालू होता! ज्या तरुण अधिकाऱ्याने तो खटाटोप केला तोही त्याच रात्री गेला. त्याला आज कटघऱ्यात उभं करायचं?

चौकशी नौदलाने करावी, अभ्यास नौदलाने करावा, त्यातून शिकावंही. स्मारकापुढे उभं राहून करायची ही चर्चा नाही. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना आपण काय सांगणार, तुमचा मुलगा चुकीच्या निर्णयाने गेला?

मीनल_वसई:
विजयदुर्गकर, घरच्यांना ते आपल्याआधीच माहीत असतं. त्यांच्यापासून लपवायचं म्हणून आपण गप्प बसत असू तर तो गैरसमज आहे.

स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांचं उदाहरण देते. १४ ऑक्टोबर १९३९ ला ब्रिटिश युद्धनौका रॉयल ओक आपल्याच बंदरात, स्कापा फ्लोमध्ये नांगरलेली असताना जर्मन पाणबुडी आत शिरली आणि तिने ती बुडवली. ८०० हून जास्त माणसं गेली. त्यात शंभराहून जास्त अठराच्या आतली मुलं होती, नौदलात ‘बॉय’ म्हणून भरती झालेली. बंदराचं संरक्षण अपुरं होतं हे तिथे कुणी झाकत नाही. नंतर बंदरात शिरायच्या त्या बाजूच्या वाटा कायमच्या बंद करायला बांधलेले बांध आजही आहेत, त्यावरून गाड्या जातात. आणि त्याच वेळी दरवर्षी नौदलाचे पाणबुडे खाली उतरून बुडालेल्या नौकेवरचा ध्वज बदलतात. तिथल्याच कर्कवॉल गावच्या कॅथेड्रलमध्ये नावांची वही आहे, तिचं पान नेमाने उलटलं जातं. चूक मान्य करणं आणि आदर राखणं दोन्ही एकाच गावात चालतं.

अमेरिकेत पर्ल हार्बरला ॲरिझोना ही युद्धनौका बुडाली, ११७७ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांनी मागे लिहून ठेवलं की आमची रक्षा खाली सोबत्यांजवळ ठेवा. तशी ठेवलीही. तिथे कप्तानाचंही नाव आहे आणि नौकेच्या बँडमधल्या पोरांचंही आहे. तो अख्खा बँड गेला होता.

तांडेल:
आमची मच्छीमारी. दीव, जाफराबादकडच्या बोटींशी समुद्रात गाठ पडते. एकच सांगणं, खुकरी जिथे आहे तिथे कुणी उतरू नये. काही वर्षांपूर्वी मलेशियाजवळ प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या बुडालेल्या ब्रिटिश नौकांचं लोखंड भंगारवाल्यांनी तोडून नेलं, आत माणसं असताना. असलं काही आपल्याकडे नको. विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची गाझी पाणबुडी पडली आहे, ९३ माणसांसकट. आपल्या नौदलाने ती शोधली आणि हात लावला नाही. शत्रूची असून. हे मला फार बरं वाटलं.

दीवला आता खुकरी नावाची दुसरी नौका ठेवली आहे, त्याबद्दल डोलकाठी काही बोलले नाहीत. ती मला आवडली. माझ्या पोराने पहिल्यांदा युद्धनौकेवर पाय ठेवला.

डोलकाठी:
तांडेल, ती मुद्दामच नंतरसाठी ठेवली होती. ती पी ४९ क्रमांकाची, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ मध्ये नौदलात आली आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाली. जुन्या खुकरीचं नाव पुढे चालवलं, बत्तीस वर्षं सेवा केली. चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे माझ्या पुढे उभं असलेलं एक कुटुंब आपल्या मुलीला सांगत होतं की हीच ती बुडालेली बोट, वर काढून आणली. मी समजावलं तेव्हा बाप म्हणाला, मग ती कुठे आहे? मी समुद्राकडे बोट दाखवलं. तो गप्प झाला आणि मुलीने विचारलं, आतले काका बाहेर आले का?

हा प्रश्न प्रत्येक पाहणाऱ्याला पडायला हवा. त्यासाठी नौकेच्या शिडीपाशीच मोठ्या अक्षरांत लिहावं की ही ती नव्हे. आणि एका कप्प्यात त्या १९४ जणांची नावं, हुद्दा आणि गाव लिहावं. हुद्द्याच्या क्रमाने नको, अकारविल्हे. म्हणजे मुल्लाही ‘म’ मध्ये येतील आणि त्यांच्या वरखाली त्यांचीच माणसं असतील.

विजयदुर्गकर:
नावं आणि गावं, शंभर टक्के मान्य. ९ डिसेंबरला ती मोठ्याने वाचावीत हेही मान्य, मी स्वतः येईन. पण अकारविल्हे नको. नौकेवर कप्तान पहिला असतो आणि शेवटी उतरतो. त्यांनी तो नियम जीव देऊन पाळला. यादीत त्यांचं नाव शेवटी ठेवा.

जुना_खलाशी:
हे आवडलं. शेवटी ठेवा.

प्रश्नचिन्ह:
यादीच्या शेजारी सोनारबद्दल चार ओळी आल्या पाहिजेत, या मतावर मी आहे. नौदलाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी, माझ्या नकोत.

विजयदुर्गकर:
संग्रहालयात लिहा. टेकडीवर नको.