हीटेड ग्रिप: उजवी थंडगार, डावी कोमट, आणि सिग्नलवर थांबलं की सगळंच बंद

काटोलरोडवाला

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून लांब लिहून राहिलो, पूर्ण वाचा. मागच्या हिवाळ्यात मी माझ्या ४०० सीसी बाइकला हीटेड ग्रिप, म्हणजे हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी, बसवल्या, ऑनलाइन मागवलेल्या, १२ व्होल्टच्या, डाव्या हाताजवळ छोटा कंट्रोलर आहे त्यावर पाच लेव्हल. तो सीझन मस्त गेला. आता या डिसेंबरात चालू केल्या तर उजवी एकदम थंडगार, डावी गरम होते पण पहिल्यासारखी नाही, पाचवर ठेवली तरी कोमटच. आणि तिसरी भानगड म्हणजे एलआयसी चौकाच्या सिग्नलवर दोनेक मिनिटं थांबलो की कंट्रोलरचा लाल लाइट लपलप करतो आणि सगळंच बंद. रेस देऊन परत बटन दाबलं की चालू होते.

ज्यानं बसवून दिल्या तो म्हणे भाऊ पूर्ण सेटच बदला, आता याच्यात काही राहिलं नाही. पण त्यानं मल्टीमीटर लावूनही पाहिला नाही, नुसता हात लावून सांगितलं.

पुढच्या शनिवारी पहाटे साडेचारला पचमढीले निघायचं आहे, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असं. नागपूरचा उन्हाळा सगळ्याले माहीत आहे पण इथली थंडी बाहेरच्याले सांगून पटत नाही, २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर आला होता, आणि बाइकवर ७० च्या स्पीडनं वारा लागतो ते वेगळंच. ग्रिप लावायच्या आधीच्या वर्षी सौंसरच्या पुढं माझ्या बोटांना ब्रेकचा लिव्हरच लागत नव्हता, दाबला की नाही ते खाली पाहून घ्यावं लागलं. त्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो. म्हणून हे नीट झाल्याशिवाय निघायचं नाही असं ठरवलं आहे. मीटर आहे घरी, साधा पिवळा, वापरता येते थोडाफार. कुठून सुरू करू?

सदरचा_रायडर

भाऊ फ्यूज पाहिला का आधी? माझं असंच झालं होतं, फ्यूज गेला होता.

जुना_ऑटोवायरमन

फ्यूज नाही. दोघींना मिळून एकच फ्यूज असतो आणि डावी चालून राहिली, म्हणजे फ्यूज चांगला आहे.

बाळा, सेट बदलू नको. तू तीन रोग सांगितले त्यातले शेवटचे दोन मला एकाच कारणाचे वाटतात, उजवीचं वेगळं आहे. आधी उजवी पाहू. ग्रिप पॅरललमध्ये जोडलेल्या आहेत म्हणून एक मेली तरी दुसरी चालते, सिरीजमध्ये असत्या तर दोन्ही सोबतच गेल्या असत्या. चाबी बंद कर, उजव्या ग्रिपचा कपलर काढ, मीटर २०० ओहमवर ठेव. प्रोब आधी एकमेकांना टेकवून पाह, ०.३-०.४ असं काहीतरी येईल, तेवढं आकड्यातून वजा करायचं. मग ग्रिपकडून येणाऱ्या दोन पिनांना लाव. तसंच डावीचं पण माप घे, तुझ्या सेटचा खरा आकडा डावी सांगेल, मी जे पाहिले ते ७-८ ओहमच्या आसपास असायचे.

उजवीत नुसता १ किंवा ओएल आला म्हणजे कुठंतरी तुटलं. पण तिथंच मीटर ठेवून देऊ नको, प्रोब धरून ठेव आणि कोणाले तरी एक्सलेटर हळूहळू पिळायला लाव. आकडा मध्येच येऊन गेला तर समजायचं की आतलं एलिमेंट, म्हणजे गरम होणारी तार, जिवंत आहे, वायरच तुटली. उजवी ग्रिप एक्सलेटरसोबत फिरते ना, म्हणून वायर बाहेर येते त्या एकाच जागी दिवसातून हजारदा वाकते, वरून रबर चांगलं दिसते आणि आत तांबं तुटलेलं असते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की कोणी "उजवी गेली" म्हटलं की माझा हात आधी तिथंच जाते.

आता डावी. कंट्रोलरले व्होल्टेज कमी मिळून राहिलं असं वाटते. असे कंट्रोलर बॅटरी वाचवायसाठी स्वतःच बंद होतात, व्होल्टेज अकरा-साडेअकराच्या खाली गेलं की त्याले वाटते बॅटरी उतरली. पण बॅटरी चांगली असून वाटेतच व्होल्टेज खाल्लं जात असेल तर? म्हणून गाडी चालू करून, ग्रिप पाचवर ठेवून, दोन ठिकाणी माप: एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर, एकदा कंट्रोलरच्या इनपुटवर. ग्रिप चालू असतानाच मापायचं हे विसरू नको. लोड नसला की मीटर पूर्ण १२ दाखवते आणि माणूस फसते, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. काळी वायर, म्हणजे अर्थची, कोणत्या बोल्टखाली कसली आहे ते पण सांग, पेंटवर कसली असेल तर मला उत्तर आताच माहीत आहे.

बर्फातला_नागपूरकर

मी मूळचा प्रतापनगरचा, सध्या कॅनडातल्या अल्बर्टात आहे आणि इथं स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, हेच चालू असतं, म्हणून लिहितोय. काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फक्त आमच्याकडे एक्सलेटर पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायचा छोटा लिव्हर असतो, ग्रिप फिरतच नाही. त्यामुळे तुटायची जागा बदलते: अंगठ्याच्या लिव्हरमध्ये वेगळा छोटा हीटर असतो, त्याची वायर दर वेळी वाकते, आणि दुसरी जागा म्हणजे हँडल वळतं तिथला वायरचा गुच्छा. उणे ३० मध्ये वायरवरचं प्लास्टिक काडीसारखं कडक होतं, मग वाकलं की चिरतं.

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना दोरी ओढून चालू करायचं असतं, बऱ्याच जणींना बॅटरीच नसते, ग्रिपचा हीटर सरळ स्टेटरच्या, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, एसीवर चालतो. तिथं मीटर डीसीवर लावून "करंटच येत नाही" म्हणून दोन तास घालवलेला माणूस मी स्वतः पाहिला आहे. तुझी बाइक आहे, बॅटरीवर आहे, तुझं डीसीच ठेव. पण आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, चार्जिंग कमी असतं ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आणखी एक, डावी ग्रिप सरळ लोखंडी पाइपवर बसते, पाइप उष्णता ओढून घेतो, उजवीखाली प्लास्टिकची नळी असते. म्हणून सगळं नीट असूनही डावी थोडी कमी गरम लागते, त्याला फॉल्ट समजू नको. पुढे कधी डावी काढलीच तर पाइपवर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवून मग बसव. पण आता ओढून काढू नको, चिकटवलेली असते, आतलं एलिमेंट फाटतं.

काटोलरोडवाला

काका, दादा, दोघांनाही मनापासून धन्यवाद. रात्री जेवण झाल्यावर बसलो, लहान भावाले टॉर्च धरायला लावला. डावी: ८.० ओहम. उजवी: १, म्हणजे ओपन. भावानं एक्सलेटर पिळला तर अर्ध्यावर एकदम ८.२ आला आणि गेला, परत ८.२, परत गेला! काका, तुम्ही सांगितलं अगदी तसंच. वायरवरचं रबर नखानं दाबलं तर आत पोकळ लागलं, तांबं नाहीच त्या जागी, जवळपास भाताच्या शिताएवढी फट.

आता व्होल्टेज. रेस देऊन बॅटरीवर १४.०, कंट्रोलरवर ११.८. आयडलला बॅटरीवर १२.४, कंट्रोलरवर १०.४. काळी वायर हेडलाइटच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली कसली आहे, पूर्ण काळा पेंट, वॉशरखाली गंज.

जुना_ऑटोवायरमन

मग झालं. २ व्होल्ट त्या पेंटमध्ये जाऊन राहिले. हिशोब पाह: व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. १४ वर ८ ओहमची ग्रिप साडेचोवीस वॅट देते, ११.८ वर साडेसतराच. सात वॅट गेले म्हणून कोमट. आणि आयडलले १०.४ दिसले की कंट्रोलर बंद होणारच, तो बिचारा त्याचं काम बरोबर करून राहिला. उजवी दुरुस्त केल्यावर करंट दुप्पट होईल, तेव्हा तो बोल्ट आणखी व्होल्टेज खाईल, म्हणून अर्थ आधी कर. ब्रॅकेट घासत बसू नको, जाडी काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसवर ने, टोकाला चांगलं थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, दाबून.

उजवीले तुटलेल्या जागीच सोल्डर करू नको. सोल्डर लागलं की वायर तिथं कडक होते आणि पुढच्या महिन्यात त्याच्या बाजूलाच तुटते. ग्रिपजवळ चांगलं तांबं लागेपर्यंत काप, सिलिकॉनची मऊ वायर जोड, वर स्लीव्ह चढव, आणि जोड हलणार नाही अशा जागी बांध. मध्ये एक मोकळा लूप सोड. सगळ्यात महत्त्वाचं, हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, दोन्हीकडे एक्सलेटर पिळून सोड, तो टपकन परत आला पाहिजे. वायरनं एक्सलेटर अडकला तर थंडी राहिली बाजूला, जीव जाते.

काटोलरोडवाला

झालं काका. बर्डीवरून सिलिकॉन वायर आणि थिंबल आणले, दोनशेच्या आत सगळं. आता रेसवर कंट्रोलरले १३.७, आयडलला दोन्ही ग्रिप चालू ठेवून १२.०, बंद होत नाही. हेडलाइट तर चालूच होता, वरून फॉग लॅम्प लावून पाहिले तर आयडलला ११.६ पर्यंत आलं, म्हणून गावात फॉग बंद ठेवीन. आज पहाटे साडेपाचला कोराडीपर्यंत जाऊन आलो, तीनवरच ठेवल्या, उजवी डावीपेक्षा जरा जास्त गरम, बर्फातल्या दादानं सांगितलं तसंच. ब्रेकवर दोन्ही बोटं नीट लागत होती.

जुना_ऑटोवायरमन

एक्सलेटर पाहिला का दोन्हीकडे हँडल वळवून?

काटोलरोडवाला

पाहिला काका. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर वायर जराशी ताणत होती, लूप दोन बोटं वाढवला, आता टपकन येते.