मदत हवी आहे: मधुमेहींसाठी उकड्या तांदळाचा मसालेभात

आंबेमोहोराचा भात मऊ, चिकट होतो आणि लवकर पचून साखर चढवतो, म्हणून उकडा तांदूळ वापरायचा आहे. बेत असा: १ वाटी तांदूळ, २ वाट्या तोंडली-मटार-फ्लॉवर, गोडा मसाला, गूळ अजिबात नाही. जेवताना आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ, मग पाऊण वाटीच भात. तूपही १ चमचाच, कारण ते जास्त झालं की साखर उशिरा चढते आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेलं साखरेचं रीडिंग फसवं निघतं.

अडचण शिजवण्यात आहे. उकडा शिजेपर्यंत तोंडली गळतात. पाणी कमी केलं तर दाणा कच्चट राहतो. तांदूळ किती वेळ भिजवावा? पाणी अडीचपट की तिप्पट? तोंडली वेगळी परतून शेवटी घालावीत का? असा भात खाऊन तिसऱ्या-चौथ्या तासाला साखर तपासणाऱ्यांनी कृपया आकडेही सांगा.