सातारा-सांगलीच्या डोंगराळ भागात हौशी रत्नशोधाला परवाना मिळावा का?

कृष्णाकाठ, वाई

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सामान्य माणूस ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढून, कुदळ-फावडे आणि धातुशोधक यंत्र घेऊन सरकारी जमिनीवर सोने शोधू शकतो. परवाना दहा वर्षे चालतो आणि सापडलेले सोने शोधणाऱ्याचे होते. अटी एवढ्याच की स्फोटके आणि अवजड यंत्रे वापरायची नाहीत आणि उकरलेली जमीन पूर्ववत करायची. १८६९ साली ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा जगप्रसिद्ध सोन्याचा गोळा याच राज्यात मोलियागुल येथे झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर सापडला होता. आपल्याकडेही मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात किरकोळ शुल्क भरून आठ मीटर लांब-रुंद जागेचा पट्टा मिळतो. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करायचा, त्याचा लिलाव होतो आणि रॉयल्टी वजा जाता उरलेली रक्कम शोधणाऱ्याच्या हाती पडते.

माझा प्रस्ताव यापेक्षा पुष्कळ लहान आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विहिरी खणताना, रस्त्यासाठी डोंगर कापताना आणि दगडखाणीत सुरुंग उडवताना मांजऱ्या खडकातल्या, म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या खडकातल्या, पोकळ्या फुटतात. ओंजळीएवढ्या अशा एखाद्या पोकळीत डोकावून पाहिले, तर आतल्या भिंतीवर हिरवट माती असते, तिच्यावर मोत्यासारखी झाक असलेल्या फिकट गुलाबी स्टिल्बाइटच्या जुड्या उभ्या असतात आणि त्यांच्यामधून अॅपोफिलाइटचे काचेसारखे स्वच्छ, टोकदार स्फटिक वर आलेले असतात. बोर घाटात रेल्वेचे काम चालले होते, तेव्हा निघालेले असे नमुने परदेशातील संग्रहालयांत गेले. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे वैभव मांडलेले आहे. आमच्याकडे मात्र तोच दगड त्याच संध्याकाळी क्रशरमध्ये जाऊन त्याची खडी होते.

म्हणून आधीच उपसलेल्या दगडातून, हाताने, नोंदणी करून नमुने वेचण्याचा साधा परवाना जिल्हा पातळीवर असावा, असे मला मनापासून वाटते. आपली मते मांडावीत.

खडकवाचक, कराड

मी अनेक वर्षे भूगोल-भूशास्त्र शिकवतो, म्हणून आधी सोन्याची गोष्ट निकालात काढतो. व्हिक्टोरियाचे नाव या धाग्यात आले की पुढच्या चार प्रतिसादांत कोणीतरी धातुशोधक यंत्र विकत घ्यायला निघेल, याची मला काळजी वाटते.

व्हिक्टोरियात जुन्या खडकांतील गारेच्या शिरांमध्ये सोने आहे आणि त्या शिरा झिजून ते मातीत, ओढ्यात उतरले आहे. कर्नाटकातील कोलार आणि हट्टी येथील सोने धारवाड काळातील, अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत आहे. तिथेही टनभर दगड फोडल्यावर काही ग्रॅम हाती लागते आणि कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल जाऊन अखेर २००१ साली बंद झाली. आपण उभे आहोत तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विंधन केले गेले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक लागले. या कामाशी निगडित प्रयोगशाळा आमच्या कराडजवळच आहे. तेव्हा जुन्या खडकात काही असेलच, तर ते आपल्या पायांखाली सव्वा किलोमीटरवर आहे आणि फावड्याने तिथे पोहोचता येत नाही.

कृष्णेची वाळू पाटीत घेऊन पाण्यात हेलकावे देत धुतली, तर हलकी वाळू वाहून जाते आणि शेवटी काठाशी काळ्या कणांची एक रेघ उरते. तिच्याजवळ चुंबक नेला की बरेचसे कण उडी मारून त्याला चिकटतात. बेसाल्टमधून सुटलेले ते मॅग्नेटाइट असते. सोने चुंबकाला चिकटत नाही आणि पाण्याच्या एकोणीसपट जड असल्याने ते त्या रेघेच्याही मागे राहायला हवे. तिथे काहीच नसते.

दुसरा समज असा की कोहिनूर ज्या कोल्लूरचा मानला जातो, ते कृष्णेच्या काठी आहे, म्हणून उगमाकडेही हिरे असणार. नदी वरून खाली वाहते. आंध्रातील हिऱ्यांचे मूळ वज्रकरूरसारख्या ठिकाणच्या किंबरलाइट खडकात आहे आणि ते खडे नदीला आपल्यापासून शेकडो किलोमीटर खाली मिळाले. कर्नूल-अनंतपूर भागात तुग्गली, जोन्नगिरीच्या शेतांत पहिल्या पावसानंतर लोक हिरे वेचायला जमतात, ते त्या जमिनीच्या जोरावर.

झिओलाइटचे, म्हणजे पोकळ्यांतल्या स्टिल्बाइटसारख्या स्फटिकांचे, नमुने वाचवावेत, याला माझा पाठिंबा आहे. फक्त त्यांना रत्न म्हणू नये. ते गारेपेक्षा मऊ असतात, अंगठीत टिकत नाहीत आणि त्यांची किंमत अखंडपणात असते. एक टोक तुटले की नमुना गेला.

पाटणखोरे

मी या प्रस्तावाच्या स्पष्ट विरोधात आहे आणि कारणे सविस्तर देतो.

‘आधीच उपसलेला दगड’ ही अट कागदावर राहील. पावसाळा संपला की आमच्या खोऱ्यात बाहेरच्या गाड्या येतात. कोणी फुलांसाठी येतो, कोणी धबधब्यासाठी. त्यांच्यातल्या काही जणांच्या हातात छिन्नी-हातोडा आणि खिशात सरकारी परवाना असला, तर तो खाणीच्या ढिगाऱ्यापाशी थांबेल आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, पाऊल टाकणार नाही, याची खात्री कोण देणार? सड्यावर जांभ्याच्या कातळावर कुठे कुठे बोटभर जाडीचीही माती नसते. त्याच मातीत दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती आणि सीतेची आसवे उगवतात. एक दगड उलटला की त्याखालचा ओलावा जातो आणि ती जागा पुढची कित्येक वर्षे बोडकी राहते. कास पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा गावांनी आपली जमीन सोडली. ज्यांना सरपणाची काटकी उचलताना दहा वेळा विचार करावा लागतो, त्यांच्यासमोर शहरातल्या हौशी माणसाने पिशवी भरून दगड न्यावेत, हा अन्याय आम्ही का सोसावा?

आणि कायदा आहेच. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय नुसता शोधही घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने राज्यातील खनिजांवरचा हक्क शासनाने स्वतःकडे राखून ठेवला आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा. हे दार बंद आहे ते बरे आहे.

माणदेशी, आटपाडी

पाटणच्या बंधूंचे दुःख मला कळते, पण संपूर्ण जिल्हा म्हणजे कासचे पठार नव्हे. आमच्या माळावर ना व्याघ्र प्रकल्प आहे, ना फुलांचा हंगाम. इथे विहीर म्हणजे कर्ज काढून पाषाणाशी दिलेली झुंज असते. साठ-सत्तर फूट खाली जाऊन पाण्याऐवजी कोरडा मांजऱ्या लागला, तर शेतकऱ्याच्या वाट्याला उपशाचा ढीग तेवढा येतो. त्या ढिगाऱ्यातले पांढरे, हिरवट स्फटिक विकत घेणारे लोक मात्र नेमके येतात. ते चहा पितात, दोन-चार दगड उचलतात, शे-दोनशे रुपये हातावर ठेवतात आणि निघून जातात. तो दगड पुढे कोणत्या प्रदर्शनात किती डॉलरला गेला, हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही.

म्हणजे व्यवहार आजही चालू आहे, फक्त तो अंधारात चालतो. पाटणकर म्हणतात दार बंद आहे. दार बंद आहे ते आमच्यासाठी. येणाऱ्या-जाणाऱ्या दलालाला खिडकी उघडीच आहे. ज्याने विहीर खणली, त्याचाच त्या उपशातील नमुन्यावर पहिला हक्क असावा आणि तो कायद्याने नोंदवला जावा, एवढीच माझी मागणी आहे. हौशी शहरी माणसाच्या परवान्याविषयी मला फारसे देणेघेणे नाही.

विट्याचा गलाईदार

माणदेशींनी दुखण्यावर बोट ठेवले, म्हणून लिहितो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातील घरटी एखादा माणूस तरी गलाईच्या धंद्यात परमुलखात आहे. दक्षिणेतल्या आणि उत्तरेतल्या कितीतरी सराफ बाजारांत जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी भट्टी आमच्याच माणसाची असते. सोने कुठे सापडते हे आम्ही सांगू शकत नाही, पण सापडलेल्या मालाचे पैसे कोणाच्या हाती जातात, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ज्याला कस कळतो, पैसे त्याच्याच हाती जातात.

सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतो तेव्हा दुकानदाराला ती धूळ वाटते. झारेकरी तो केर धुतो, जड भाग बाजूला काढतो, आणि मग तो मुशीत टाकून भट्टीत आटवला जातो. तेजाबात चांदी आणि तांबे विरघळते आणि तळाशी तपकिरी चूर्ण उरते, ते सोने. बघणाऱ्याला ते सोने वाटतही नाही; पुन्हा आटवल्यावर पिवळे होते. कराडच्या गुरुजींनी कृष्णेच्या वाळूचे सांगितले ते अगदी खरे आहे. सोनाराच्या उंबऱ्यातल्या केरात जेवढे सोने असते, तेवढे आमच्या नदीच्या सगळ्या वाळवंटात मिळणार नाही.

म्हणून पन्नाच्या पद्धतीतला माझ्या मते मोलाचा भाग पट्ट्याचा नाही, हिरा कार्यालयाचा आहे. तिथे पारखी सरकारचा असतो, वजन सर्वांसमोर होते आणि बोली उघड लागते. शोधणारा अडाणी असला, तरी त्याला खाजगीत फसवणे अवघड जाते. परवाना द्या किंवा देऊ नका, पण तालुक्याच्या ठिकाणी नमुना पारखून नोंद करून देणारा एक जाणकार माणूस बसवा. तो नसेल, तर कृष्णाकाठ यांचा परवाना म्हणजे दलालाला फुकट मजूर पुरवण्याची योजना होईल.

सातारकर

एक धोका कोणीच मांडला नाही. आपल्या भागात ‘जमिनीत काहीतरी आहे’ असे सरकारने नुसते सूचित केले, तरी गुप्तधनवाले मांत्रिक जागे होतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच सातारचे. त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात मौल्यवान वस्तूंच्या शोधापायी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. परवान्याच्या अर्जावर ‘रत्न’ आणि ‘सोने’ हे शब्द कुठेही नसावेत. ‘खनिज नमुना’ एवढेच लिहावे.

पाटणखोरे

गलाईदारांचे म्हणणे मला पटले, पण त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. पारखी माणूस बसवायला शासनाला पद निर्माण करावे लागेल. परवाना छापायला फक्त कागद लागतो. आधी काय होईल ते आपण सगळे जाणतो. शिवाय पन्नाचे कौतुक करताना तिथल्या दगडखाणींत सिलिकोसिसने छाती गेलेल्या मजुरांनाही विसरू नये. खडीच्या धुळीत उभे राहून दगड फोडणारा माणूस हौशी नसेल. तो आमच्याच वाडीतला असेल, तोंडाला रुमाल बांधून.

कृष्णाकाठ, वाई

सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. सोन्याचे आमिष मला दाखवायचे नव्हते, आणि खडकवाचक यांनी त्याची जी फोड केली, ती या विषयावर पुढे बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. सातारकरांची सूचना मी जशीच्या तशी स्वीकारतो. वनक्षेत्र, सडे आणि पठारे पूर्णपणे वगळावीत, याबद्दल पाटणखोरे यांच्याशी माझा काडीचाही मतभेद नाही.

मात्र ‘दुरुपयोग होईल, म्हणून नकोच’ हे मला मान्य होत नाही. क्रशरमध्ये गेलेला नमुना पुन्हा कोणत्याही कायद्याने जन्माला येत नाही. डोंगर तर फोडला जातोच आहे. त्याची परवानगी दिलेली आहे, रॉयल्टी भरलेली आहे आणि त्यातले जे जपण्यासारखे आहे, तेवढ्याचीच कुठे नोंद नाही. खाणपट्टा देताना शासन मालकावर इतक्या अटी घालते, त्यात आणखी एक घालावी. मोठी पोकळी लागली, तर तेवढा भाग फोडण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे आणि काढलेल्या नमुन्याची नोंद गावाच्या नावाने व्हावी. विहिरीच्या बाबतीत माणदेशी म्हणतात तसा पहिला हक्क शेतकऱ्याचाच असावा. हौशी वेचणाऱ्याचा क्रम सर्वांत शेवटी लागला, तरी माझी हरकत नाही.

खडकवाचक, कराड

महाविद्यालयाची सूचना चांगली आहे, पण सुरुंगाच्या कामात खाणमालक दोन दिवस थांबणार नाही. विद्यार्थी तिथे पोहोचायला तेवढा वेळ लागतोच आणि तोवर डंपर भरून गेलेला असतो. पोकळीचे फोटो, खोली आणि खडकाचा थर यांची नोंद खाणीवरच्या मुकादमाने मोबाइलवर केली आणि नमुना भुश्शात बांधून बाजूला ठेवला, तर ते जमण्यासारखे आहे. मुकादमाला ते शिकवायला अर्धा दिवस पुरतो. आमच्या परिसरातील दोन खाणमालकांशी मी बोलून पाहतो. पाटणखोरे यांनी त्या बोलण्याला स्वतः हजर राहावे, अशी माझी विनंती आहे.

पाटणखोरे

येईन. विरोध मात्र कायम आहे, हे त्यांच्यासमोरही सांगेन.