आवडत्या गायकावर रुसलात का कधी? (अनुभव धागा)

कपिलेश्वर_रोड

गणपती तोंडावर आले म्हणून काल माळा उतरवला. मखराच्या थर्माकोलमागं बुटांचा एक जुना खोका निघाला. आत चाळीसच्या वर कॅसेटी, सगळ्या एकाच गायकाच्या. सात-आठ विकतच्या, बाकी सगळ्या सांगली आकाशवाणीवरनं आम्हीच भरलेल्या. पाठीवर अप्पांच्या अक्षरात तारखा. पहिली १९८४ ची.

अप्पा बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर होते. माग चालू असला की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, तिथं रेडिओ कुठला! वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि अप्पा टू-इन-वनमध्ये सेल घालायचे. लोकांना वीज गेली की वैताग यायचा. आमच्या घरी ती गाण्याची वेळ होती. त्या आवाजावर मी वाढलो. पोटात दुखलं, परीक्षेत गचकलो, लग्न ठरलं, काही झालं तरी हाच आवाज.

तर आठ वर्षांमागं हे गायक बेळगावात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाचशेचं तिकीट, तिसरी रांग, शेजारी अप्पा, वय एकोणऐंशी, इस्त्रीचं धोतर नेसून. पडदा वर गेला. त्यांनी माईक हातात घेतला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "आप लोगों को मराठी समझ में आती है ना?"

हॉल गार. मागनं कुणीतरी ओरडलं, "साहेब, आम्ही मराठीच हाय की ओ!" ते हसले आणि हिंदीतच पुढं बोलत राहिले. दोन तासांत मराठी गाणी तीन, तीही मशिनवर ट्रॅक लावून. बाकी सगळी हिंदी सिनेमातली. माझ्या दुसऱ्या बाजूला आमच्या गल्लीतले कन्नड मास्तर बसले होते. त्यांना यांची मराठी गाणी कडव्यासकट पाठ. तेही शेवटी मान खाली घालून बसले.

परत येताना रिक्षात अप्पा एवढंच म्हणाले, "त्यास्नी कुणी सांगितलं न्हाई वाटतं." त्या दिवसापासून खोका माळ्यावर. अप्पा आता नाहीत. काल खोका मांडीवर घेऊन बसलो आणि राग आणि माया एकदमच वर आली. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? लिहा. गायकाचं नाव मात्र लिहू नका, मीही लिहिणार नाही. भांडण नको, अनुभव पाहिजेत.

मलप्रभाकाठ

अण्णा, वाचून गळा दाटला. "कुणी सांगितलं न्हाई वाटतं" हे माझे बाबापण असंच बोलले असते बघा.

माझं सांगतो. मी खानापूरची. आमच्या घरी पहाटे अभंगाची एक कॅसेट लागायची, एका बाईंची. टाळ, वीणा, पखवाज, बस्स. आई चुलीपुढं, आज्जी तुळशीपुढं आणि त्या बाई गाऊलाल्या. आता त्याच अभंगांचं नवीन रेकॉर्डिंग आलंय म्हणून लेकीनं मोबाईलवर लावून दिलं. की-बोर्ड आलाय, ढोल आलेत, ते एक वेळ चालंल. पण शेवटचं कडवंच नाही! "तुका म्हणे" यायच्या आधीच गाणं संपलं. मला वाटलं नेट गेलं. परत लावलं, तिसऱ्यांदा लावलं. नाहीच. अभंगावर तुकोबांची सही असते ती, तीच पुसली. आज्जीला अक्षर येत नव्हतं, पण नाममुद्रा आली की जिथं असेल तिथं हात जोडायची. आता हात कधी जोडायचे?

कुकर झाला, येतो परत.

निपाणीकर८१

कोल्हापूरला कार्यक्रम. निपाणीहून दोन्ही मुलींना घेऊन गेलो. साडेसहाची वेळ होती. पावणेनऊपर्यंत सत्कार. शाल, श्रीफळ, भाषण, परत शाल. गायिका आल्या, पस्तीस मिनिटं गायल्या आणि "माझी गाडी आहे" म्हणून गेल्या. धाकटी विचारते, "बाबा, आता मध्यंतर काय?" काय सांगणार पोरीला.

त्यांना पत्र घातलं होतं, चार पानी. तीन महिन्यांनी छापील फोटो आला, सहीपण छापील. तरी तो फोटो फ्रेम करून ठेवलाय. का ठेवलाय ते विचारू नका.

तबलजी_अनगोळ

मी समोर बसणाऱ्यातला नाही, बाजूला बसणाऱ्यातला. म्हणून माझं दुखणं वेगळं.

१९९६, ऐन श्रावण. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, हवेनंच उतरते. मोठे गवई येणार, मी स्थानिक साथीला. निरोप होता काळी एक पट्टीचा. दोन दिवस आधीपासून दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, उबदार खोलीत कापडात गुंडाळून ठेवलेला. दुपारी लाकडी गट्टे बसवून सुरात मिळवला, असा बोलत होता की बोट लावलं की घर भरावं. आणि बुवा बैठकीवर बसल्यावर म्हणतात, पांढरी तीन! दीड स्वर वर. दीड स्वर म्हणजे वेगळा दाया लागतो, वेगळ्या तोंडाचा. काळी एकची पुडी तिथपर्यंत ठोकत नेली तर एक तर नाद जातो, नाही तर किनारीला चिरते. मी हातोडी घेऊन पुडीच्या कडेचं एकेक घर ठोकत फिरवतोय, चामड्याची वादी कुरकुरतेय, घाम डोळ्यांत. बुवा माईकवरनं म्हणाले, "बेळगावात तबला मिळवता येत नाही का कुणाला?"

लोक हसले. पहिल्या रांगेत माझे गुरुजी होते. ते हसले नाहीत.

अहो, पेटीवाल्या रामभाऊ विजापुरे मास्तरांचं गाव हे. साथ म्हणजे काय ते इथल्या पोराटोरांना कळतं. शेवटी शेजारच्या आळीतनं एकानं दुसरा दाया आणून दिला, भर पावसात, शर्टाच्या आत धरून. मग बुवांनी मारवा गायला. आणि खरं सांगू? असा मारवा मी परत ऐकला नाही. कोमल रिषभावर थांबले तेव्हा मी ठेका धरलाय हेच विसरलो. अठ्ठावीस-तीस वर्षं झाली. ते वाक्य आठवलं की कान तापतात, तो रिषभ आठवला की डोळे. दोन्ही एकाच माणसाचं.

मलप्रभाकाठ

@तबलजी_अनगोळ दादा, शर्टाच्या आत दाया धरून पावसात पळणाऱ्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

तबलजी_अनगोळ

सांगतो ताई. अजून भेटतो तो, शहापुरात असतो.

आरपीडी_कॉर्नर

मी २४ ची आहे, चालेल ना? माझा आवडता गायक नवीनच आहे, बॅंडवाला. मैत्रिणींबरोबर रात्रीच्या बसनं पुण्याला गेलते. तिकिटासाठी तीन महिने ट्यूशन घेतल्या. समोरच उभी होते. त्यानं उडी मारली, माईक तोंडापासून हातभर लांब, आणि आवाज तसाच चालू. सगळी नाचत होती. मी तिथंच थांबले. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

निपाणीकर८१

@आरपीडी_कॉर्नर चालतंय की बाळ. दुखायला वय लागत नाही.

सुळेभावी

थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. आमच्या गावचं नाव घेतलं की लोक कुमारांचं नाव घेतात. १९२४ साली इथं जन्मले. शिवपुत्र कोमकळी. लहानपणी एवढं गाजले की कुमार गंधर्व ही पदवीच नाव होऊन बसली. मग क्षय झाला. एक फुफ्फुस गेलं, काही वर्षं देवासला अंथरुणावर, गाणं बंद. उठून परत गायला लागले ते पहिल्यासारखं नाही. लहान लहान तुकडे, मध्येच आवाज फेकणं, माळव्यातली लोकगीतं, निर्गुणी भजनं. जुन्या जाणकारांतल्या पुष्कळांना ते रुचलं नव्हतं, घराण्याची शिस्त मोडली म्हणून टीका झाली. आज आपण काय ऐकतो? तेच. तेव्हा गायक बदलला म्हणून लगेच रुसू नये असं मला वाटतं. आपल्याला कळायला वेळ लागत असेल.

कपिलेश्वर_रोड

@सुळेभावी तुमचं म्हणणं मानतो, आणि कुमारांच्या बाबतीत तर शंभर टक्के. पण माझं दुखणं ते बदलले याचं नाही. आवाज थकला असता, खालच्या पट्टीत गायले असते, चार गाणी कमी म्हटली असती, तरी मी जाऊन पाया पडलो असतो. सत्तरीच्या माणसाकडं तिशीचा गळा मागायचा नसतो, एवढं कळतं. आम्ही कोण आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षं सरहद्दीच्या अलीकडं आम्ही त्यांची गाणी म्हणत होतो, बारशाला, हळदीला, मयताच्या तेराव्यालासुद्धा, आणि त्यांच्या लेखी इथं मराठी कळणारं माणूसच नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्कर याच भागातले हो. गुर्लहोसूरचे. मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते. इथं यायच्या आधी कुणालातरी एक फोन करून विचारलं असतं तरी पुरलं असतं.

सुळेभावी

हे पटलं. एवढं तरी विचारायला पाहिजेच होतं.

अथणी_ते_मिरज

तिकीट, स्पॉन्सर, गाडी, ट्रॅक हे सगळं वाचून मिरजेच्या उरुसाची आठवण झाली. आम्ही अथणीकडचे, मिरज जवळ. दर्ग्यात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं. तिकीट नाही, रात्रभर. खाँसाहेब १९३७ ला दक्षिणेत दौऱ्यावर असताना गाडीत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले. पण दफन मिरजेत. ज्या दर्ग्यात गायचे तिथंच.

माझे वडील उसाच्या पाळीचं पाणी भावाच्या गळ्यात घालून दरवर्षी जायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नववीत होतो. मोठमोठे गायक येतात आणि खाली मांडी घालून गातात. एकदा पहाटे एक म्हातारे गवई गायला बसले, आवाज लागेना. दोनदा खोकले. हात जोडून म्हणाले, "आज एवढंच जमतंय, सांभाळून घ्या." आणि भैरवी गायले, दहाच मिनिटं. वडील रडत होते. आमची अपेक्षा एवढीच असते, नाही का?

यंदा कुणी येणार असेल तर सांगा, एकत्र जाऊ. परत यायला कागवाडवरनं गाडी मिळते.

गोकाक_फॉल्स

@कपिलेश्वर_रोड कॅसेटी लगेच लावू नका!! टेपवर पांढरी बुरशी आली असंल. इतकी वर्षं माळ्यावर म्हणजे नक्कीच आली असणार. खिडकीजवळ धरून रिळाची कड बघा, पीठ सांडल्यागत दिसलं तर बुरशी. तशीच लावली तर टेपरेकॉर्डरचं हेड खराब आणि एकीची दुसरीला लागते. आधी हातानं पुढं-मागं गुंडाळा, मऊ सुती कापड अलगद टेकवून.

कपिलेश्वर_रोड

@गोकाक_फॉल्स बरं झालं सांगितलं. आहे, तीन-चारवर तसं दिसतंय. आणि एकीतली ती मधली स्पंजची टिकली पडलीय.

गोकाक_फॉल्स

प्रेशर पॅड. तांब्याच्या पट्टीवर असतो तो. दुसऱ्या फुकट गेलेल्या कॅसेटीतला काढून चिकटवा, थेंबभरच गोंद. पॅड नसला की टेप हेडला नीट टेकत नाही, आवाज लांबनं आल्यागत येतो. माझ्याकडं चांगला डेक आहे, कॉम्प्युटरला जोडून सगळं उतरवून देतो. पैसे नकोत. मला अप्पांचं अक्षर बघायचंय.

वडगाव_पाचवी_गल्ली

@कपिलेश्वर_रोड वडगावात माग कुठं होता ओ? आमचापण होता, साड्यांचा. वीज गेल्यावर रेडिओ लावणारे एक अप्पा होते, दारात बाकडं टाकून. आम्ही पोरं तिथं जाऊन बसत होतो. काळी फ्रेमचा चष्मा?

कपिलेश्वर_रोड

काळी फ्रेम, उजवीकडची काडी दोऱ्यानं बांधलेली.

वडगाव_पाचवी_गल्ली

तेच! आम्हाला शेंगा द्यायचे आणि गाणं चालू असताना फोडायच्या न्हाईत म्हणायचे. मूठभर शेंगा हातात धरून बसायचो गाणं संपेस्तोवर. देवा. फोन करतो तुम्हाला.

मलप्रभाकाठ

रात्री आले परत. आता जुनी कॅसेट शोधूलालो, "तुका म्हणे" असलेली. आईच्या ट्रंकेत असायला पाहिजे. @गोकाक_फॉल्स दादा, सापडली तर माझीपण उतरवून द्याल काय?

गोकाक_फॉल्स

विचारता काय, पाठवा की.

कपिलेश्वर_रोड

एक लावली. न राहवून. बुरशी नसलेली बघून, टिकली चिकटवून. १९८४ ची पहिलीच. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात रेडिओची सुई सांगलीवरनं सरकलीय आणि धारवाडचं कन्नड आत घुसलंय, बाजारभाव. हुबळीचा हत्तीचा दर. मुलगा विचारतो, हत्ती विकतात? त्याला सांगितलं, कन्नडात कापसाला हत्ती म्हणतात. सात-आठ सेकंद तो दर, मग खरखर, मग हळूहळू सुई परत जागेवर येते आणि गाणं जिथं असायला पाहिजे तिथं सापडतं. सुई फिरवणारा हात अप्पांचा. तो ऐकू येत नाही, पण दोनदा मागं घेऊन ऐकला.

गातात मात्र काय ते. अजूनही.

@गोकाक_फॉल्स रविवारी आलो तर घरी असाल?

गोकाक_फॉल्स

असतो. अकराच्या आत या, नंतर लाईट जाते आमच्याकडं. खोका प्लास्टिकात गुंडाळून आणा, पाऊस हाय.