मदत हवी आहे: आठवीतल्या मुलीला परासरण कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे, सेमीला. मी वाणिज्य शाखेची, दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. सध्या आम्ही दोघी ऑस्मॉसिसपाशी, म्हणजे माझ्या वेळच्या परासरणापाशी, अडकलोय.

व्याख्या तिला तोंडपाठ आहे: निवडक्षम पारपटलातून (काही रेणू जाऊ देणाऱ्या आणि काही अडवणाऱ्या पातळ पडद्यातून) पाण्याचे रेणू जास्त पाणी असलेल्या बाजूकडून कमी पाणी असलेल्या बाजूकडे जातात. पण चाचणीत विचारलं, फुगलेले बेदाणे मिठाच्या दाट पाण्यात टाकले तर का आकसतात? तिने लिहिलं, "मीठ पाणी ओढून घेतं." मार्क गेला. त्याचं दुःख नाही, पण चुकलं काय हे तिला कोणी सांगितलं नाही आणि मलाही धड सांगता आलं नाही, ते मनाला लागलंय.

रविवारी खमंग काकडी करायची होती. चोचवलेली काकडी दोन वाट्यांत काढली, एकीत मीठ घातलं, दुसरी तशीच ठेवली. दहा मिनिटांनी मिठाची वाटी कलती केली तर चमचा-दोन चमचे पाणी निघालं, काकडीही मऊ पडली. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी का घालतात हे तिला लगेच कळलं. पण वर म्हणाली, "बघ आई, ओढलंच की!"

मग बटाटे घेतले, एक कच्चा, एक उकडलेला. दोन्ही सोलून वरून वाटीसारखे कोरले, आत सारखीच साखर घातली आणि पाण्याच्या ताटलीत रात्रभर ठेवले. सकाळी कच्च्याची वाटी काठोकाठ भरलेली, उकडलेल्यात साखर नुसती ओलसर! ती बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "साखर तर दोन्हीकडे आहे. मग फरक बटाट्यात आहे." उकडताना पेशींचं पारपटल मोडतं, काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं ही निवडच उरत नाही, एवढं मी सांगू शकले.

आता खरी अडचण. पाणी त्याच बाजूला का जातं? मी तिला असं सांगितलं: मंगल कार्यालयात शेजारी-शेजारी दोन हॉल आहेत, मध्ये फक्त मुलं जातील एवढं बुटकं दार. एका हॉलमध्ये नुसती मुलं पळतायत, दुसऱ्यात मुलांबरोबर मोठी माणसंही आहेत. मुलं म्हणजे पाणी, मोठी माणसं म्हणजे मीठ. दाराशी दोन्हीकडून मुलं येतात, पण गर्दीच्या हॉलमधून कमी येतात. म्हणून एकूण मुलं गर्दीकडेच वाढत जातात. यातून तिच्या डोक्यात काही चुकीचं तर बसत नाही ना?

सलाईनचंही तिने विचारलं, साधं पाणी शिरेतून का देत नाहीत? सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के असतं, लिटरला ९ ग्रॅम. नुसत्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात. काकडीच्या पेशीला भक्कम पेशीभित्तिका, म्हणजे पारपटलाबाहेरचं कडक आवरण, असते म्हणून ती फुटत नाही. हे तिला पटकन समजलं.

आणखी एक. हे सगळं तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचंय. आम्ही पुण्यात वारज्याला राहतो. सेनापती बापट रस्त्यावरच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कोणी मुलांना नेलंय का? काचपट्टीवर नेमकं काय ठेवायला सांगू?

प्रतिसाद

ताई, हॉलचं उदाहरण चांगलं आहे, मी अकरावीच्या मुलांना वापरेन. फक्त एक जोडा: मुलांना पलीकडे काय आहे हे माहीत नसतं, ती वाट्टेल तशी पळतायत. ओढणारं कोणी नाही, हे तिथेच कळतं. आणि दोन्हीकडून सारखी मुलं यायला लागली तरी ये-जा थांबत नाही, फक्त फरक पडेनासा होतो.

काचपट्टीसाठी लाल कांदा न्या. पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा अलगद सोला. आधी साध्या पाण्याच्या थेंबात बघा, पेशी काठापर्यंत जांभळ्या दिसतील. मग आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावा. पेशीभित्तिका जागच्या जागी राहते आणि आतला रंग आक्रसून गोळा होतो. तेवढ्यावर उठू नका, लगेच परत साधं पाणी सोडा. पेशी जिवंत असतील तर रंग पुन्हा काठापर्यंत पसरतो. तो पसरताना तिलाच बघू द्या.