ट्रॉमा टीमला अलर्ट नेमका किती मिनिटे आधी द्यावा?

प्रश्न : आपत्कालीन विभाग, वैद्यकीय अधिकारी

नमस्कार. आमच्याकडे रुग्णवाहिकेचा फोन आला की कॉल घेणारी परिचारिका त्याच क्षणी संपूर्ण ट्रॉमा टीमला (गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या चमूला) अलर्ट पाठवते, मग रुग्ण पाच मिनिटांवर असो वा चाळीस मिनिटांवर. अलीकडेच पस्तीस मिनिटांवर असल्याचे कळवलेल्या एका रुग्णासाठी सगळे जण क्ष-किरणांपासून बचावाचे लेड एप्रन चढवून, हातमोजे घालून रिकाम्या ट्रॉलीभोवती उभे राहिले. विसाव्या मिनिटाला सर्जन ‘वॉर्डात एक रुग्ण बघून येतो’ म्हणून गेले, पाठोपाठ भूलतज्ज्ञांना ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) बोलावणे आले, आणि रुग्ण प्रत्यक्ष दाखल झाला तेव्हा श्वसनमार्ग सांभाळायला डोक्याशी मी एकटीच होते. दोघांना पुन्हा बोलवावे लागले.

रुग्ण पंधरा मिनिटांपेक्षा लांब असेल तर अलर्ट तोपर्यंत रोखून धरावा, असे मी विभागात सुचवणार आहे. ज्यांच्याकडे अशी पद्धत आहे त्यांचा अनुभव काय?

उत्तर : सर्जन

मॅडम, दिशा बरोबर आहे, पण पंधरा हा आकडा आला कुठून, हे आधी तपासा. फोन केव्हा आला याला धरून नव्हे, तर रुग्ण केव्हा पोहोचणार याला धरून उलटी मोजणी करायची असते, आणि ती टीममधल्या सर्वांत उशिरा पोहोचणाऱ्या माणसापासून सुरू करायची. ओटीपासून रेससपर्यंत (गंभीर रुग्णाला प्रथम घेतात त्या खोलीपर्यंत) यायला रात्रीच्या वेळी सात मिनिटे लागत असतील, तर त्यात कामाची वाटणी आणि औषधांचे डोस मोठ्याने ठरवून घेण्याची दोन-तीन मिनिटे मिळवा. म्हणजे तुमचा आकडा दहाच्या आसपास येतो. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या निकषांत वरच्या दोन श्रेणींच्या ट्रॉमा केंद्रांत, सर्वोच्च पातळीच्या अलर्टला सर्जनने १५ मिनिटांच्या आत हजर राहावे आणि हे निदान ८० टक्के वेळा साधावे, असे म्हटले आहे. मात्र ती १५ मिनिटे रुग्ण पोहोचल्यापासून मोजली जातात, अलर्टपासून नव्हे. ती कमाल मर्यादा आहे. तिच्यावरून अलर्टची वेळ ठरवू नका.

दुसरे असे, की सगळ्यांना एकाच वेळी बोलावण्याची गरजच नसते. गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वितळायला वीस ते तीस मिनिटे जातात, त्यामुळे रक्तस्रावाचा संशय असलेल्या रुग्णासाठी रक्तपेढीला दहा मिनिटे आधी कळवणे म्हणजे उशीरच. रक्तपेढी, सीटी आणि ओटी यांना फोन आल्याआल्या शांतपणे पूर्वसूचना जावी. माणसांना ‘या’ हा निरोप नंतर.

उत्तर : आपत्कालीन विभाग, परिचारिका

सरांचा हिशेब कागदावर पटतो, पण रोखून धरलेला अलर्ट शेवटी कुणाच्या डोक्यात राहतो, हे कुणी विचारतच नाही. आमच्याकडे हा प्रयोग झाला होता. पंचवीस मिनिटांवरचा रुग्ण होता, म्हणून मी वेळ हातमोज्यांच्या खोक्यावर मार्करने लिहून ठेवली. मधल्या काळात छातीत दुखणारा एक रुग्ण आला, त्याचा ईसीजी काढत असताना ते खोके कुणीतरी उचलून दुसऱ्या बेडपाशी नेले, आणि मला आठवण झाली ती सायरन ऐकून. लवकर जमलेली टीम कंटाळते हे खरे, परंतु न जमलेली टीम त्याहून वाईट.

म्हणून आता आम्ही दोन निरोप पाठवतो. पहिला फोन ठेवताक्षणी जातो, पण त्यात कुणी धावत यायचे नसते. दुसरा गजर लावून ठरलेल्या वेळी जातो, आणि तो चुकलाच तरी पहिला निरोप मिळालेली माणसे स्वतःहून चौकशी करतात. आणखी एक कळकळीची विनंती : निरोपात ‘पंधरा मिनिटांत’ असे कधीही लिहू नका, ‘१४:२० ला’ असे लिहा. हातात मोबाइल घ्यायला सहा मिनिटे लागलेला माणूस ‘पंधरा मिनिटे’ वाचतो तेव्हा नऊच उरलेली असतात, आणि हे त्याला कळायला मार्ग नसतो.

उत्तर : रुग्णवाहिका पथक

दुसऱ्या टोकाकडून थोडे. आम्ही सांगतो ती वेळ दोन प्रकारची असते, आणि फोन घेणारे ती एकच समजतात. घटनास्थळावरून, रुग्ण अजून गाडीत अडकलेला असताना दिलेला अंदाज हा जवळजवळ तर्कच असतो. चाके फिरू लागल्यावर दिलेला अंदाज पुष्कळसा विश्वासार्ह असतो. तेव्हा ‘निघालात का?’ हा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर नकारार्थी असेल तर दुसऱ्या फोनची वाट पाहा. वय, वेळ, दुखापतीचे कारण, दुखापती, नाडी-बीपीसारखी लक्षणे आणि दिलेले उपचार या क्रमाने माहिती देण्याची सवय आम्हाला असते, त्यामुळे मध्येच तोडून नाव-पत्ता विचारू नये.

रस्ता मोकळा मिळाला तर आम्ही सांगितल्यापेक्षा लवकरही पोहोचतो. सर्जनसाहेबांनी काढलेल्या दहा मिनिटांत तीन-चार मिनिटांची जास्तीची जागा ठेवा. शिवाय वाटेत बीपी ९० च्या खाली घसरला किंवा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी टाकावी लागली, तर आम्ही पुन्हा फोन करतो; तेव्हा घड्याळ न पाहता पूर्ण अलर्ट द्या.

उत्तर : भूलतज्ज्ञ

मला ओटीतून दोनदा ओढून आणले जाते तेव्हा तक्रार वेळेची असते की अलर्टच अनावश्यक असल्याची, हे वेगळे करून पाहावे. गंभीर रुग्ण निसटण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत राहावे म्हणून २५ ते ३५ टक्के अलर्ट गरजेपेक्षा वरच्या पातळीचे ठरणे मान्य धरले जाते. ती किंमत मी आनंदाने मोजतो. पण त्या प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटे उभे राहायचे म्हटले, की माणूस पुढच्या अलर्टला आपोआप सावकाश चालू लागतो. फोन, अलर्ट, टीम पूर्ण आणि रुग्ण दाखल, या चारही टप्प्यांची घड्याळातली वेळ महिनाभर नोंदवा, आणि सरासरी काढत बसू नका. सर्वांत वाईट गेलेले पाच-सहा प्रसंग एकेक करून वाचा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. सिस्टरांचा अनुभव वाचून ‘रोखून धरणे’ हा शब्दच प्रस्तावातून काढला आहे. फोन आल्याबरोबर घड्याळाच्या वेळेसह पूर्वसूचना आणि रक्तपेढीला कल्पना, मग पोहोचण्याच्या चौदा मिनिटे आधी पूर्ण अलर्ट, आणि रुग्ण त्याहून जवळ असेल तर दोन्ही एकदम, असे सध्या ठरवते आहे. कॉलच्या फॉर्मवर ‘निघालात का?’ हा रकाना आज हातानेच आखला. छापील फॉर्म येईपर्यंत तसाच चालेल.