समाजशास्त्राची ओळख: पहिल्या सत्राचा अभ्यास आणि प्रोजेक्ट कसा करावा?

मखमलाबाद_एफवाय:
नमस्कार. बारावी सायन्समधून झाली, यंदा नाशिकमध्ये एफ.वाय.बी.ए.ला आहे. ‘समाजशास्त्राची ओळख’ हा पेपर घेतलाय. दोन क्रेडिट, ५० गुण. त्यातले ३५ लेखी, १५ इंटर्नल. युनिट असे आहेत: समाजशास्त्राचा उदय, मूलभूत संकल्पना, सामाजिकीकरण आणि सामाजिक स्तरीकरण (समाजातली उच्च-नीच थरांची रचना). माध्यम मराठी.
तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाचताना सगळं सोपं वाटतं, पण पुस्तक मिटलं की लिहायला काही सुचत नाही. मग नोट्स कशा काढायच्या? दुसरं, लेखी उत्तर कसं आणि किती लिहायचं? सीनियर म्हणतात, पानं भर, मार्क मिळतात. तिसरं, इंटर्नलसाठी छोटा प्रोजेक्ट आहे. ‘कुंभमेळा आणि समाज’ असा विषय घ्यावा असं डोक्यात आहे. चालेल का?

सातपूरकर:
दोन क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं शिकवणं, आठवड्याला दोन तास. चार युनिटना प्रत्येकी सात-आठ तास येतात. पहिलं युनिट सहसा लांबतं आणि स्तरीकरण शेवटच्या दोन आठवड्यांत उरकलं जातं. तेच युनिट सगळ्यात भरीव आहे, म्हणून घरी ते आधी वाचायला घ्या.
सोपं वाटतं याचं कारण सरळ आहे. कुटुंब, जात, लग्न, शाळा हे सगळं आपल्या ओळखीचं. त्यामुळे वाचताना मान डोलते आणि डोक्यात राहतं ते आपलं आधीचंच मत. सायन्समध्ये सूत्र आलं नाही तर लगेच कळतं, इथे कळत नाही. म्हणून प्रत्येक संकल्पनेला वहीचं एक पान द्या आणि त्यावर चारच गोष्टी लिहा: व्याख्या स्वतःच्या दोन वाक्यांत, ती कोणी कधी मांडली, एक उदाहरण, आणि जे उदाहरण त्यात बसत नाही ते एक. चौथी ओळ बहुतेक जण गाळतात. पण संकल्पना कळली की नाही हे तिथेच कळतं.
‘प्राथमिक समूह’ घ्या. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०९ साली मांडलेली कल्पना: समोरासमोरचा, जवळिकीचा, टिकणारा संबंध. कुटुंब, शेजार, लहान मुलांचा खेळगट ही त्यांची उदाहरणं. आता अंबड एमआयडीसीतल्या कंपनीची एक शिफ्ट घ्या. चाळीस माणसं रोज समोरासमोर असतात, म्हणून तो प्राथमिक समूह झाला का? नुसत्या समोरासमोर असण्याने होत नाही. संबंध कामापुरता असेल तर तो दुय्यमच. पण त्याच शिफ्टमधले पाच जण एकमेकांच्या घरच्या अडीअडचणीला धावत असतील तर दुय्यम समूहाच्या पोटात एक प्राथमिक समूह तयार झालाय. एवढं लिहिता आलं की पाठांतर लागत नाही.
अर्पित (जन्माने मिळालेला) आणि अर्जित (स्वतः मिळवलेला) दर्जा, लोकरूढी (रोजच्या चालीरीती) आणि लोकनीती (मोडल्यास समाज गंभीर मानतो असे नियम), दर्जा आणि भूमिका या जोड्या एकाच पानावर समोरासमोर लिहा. ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून त्या विचारता येतात आणि घाईत उलटसुलट होतात.

पंचवटी_वाचक:
लेखी उत्तराबद्दल. ‘पानं भर’ हा सल्ला या विषयात नुकसान करतो. तपासणारा संकल्पना शोधत असतो आणि त्याच्या समोर निबंध येतो: ‘आजच्या धकाधकीच्या युगात समाजाला फार महत्त्व आहे...’ अशा सुरुवातीला शून्य गुण असतात. पहिल्याच वाक्यात व्याख्या यायला हवी. मग घटक किंवा प्रकार, मग एक उदाहरण आणि शेवटी निदान एक मर्यादा किंवा टीका. टिपेला पाऊण पान, मोठ्या प्रश्नाला दीड-दोन पानं बास.
गुण जिथे हमखास जातात अशा दोन जागा सांगतो.
पहिली, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा १८९७ चा आत्महत्येवरचा अभ्यास. विद्यार्थी लिहितात की माणूस दुःखी, एकाकी झाला की आत्महत्या करतो, हे दुर्खीमने सांगितलं. त्याचा प्रश्नच वेगळा होता. एखाद्या देशात आत्महत्येचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळजवळ स्थिर का राहतं आणि एका समूहात ते दुसऱ्यापेक्षा जास्त का असतं? त्याच्या आकडेवारीत प्रॉटेस्टंटांमध्ये ते कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त. उत्तर त्याने व्यक्तीच्या मनात शोधलं नाही. समूह माणसाला किती बांधून ठेवतो आणि त्याच्या इच्छांना किती वेसण घालतो, यात शोधलं. बांधणी फार सैल असेल तर आत्मकेंद्री, फार घट्ट असेल तर परार्थवादी. नियमन ढासळलं तर प्रमाणकशून्यतेतून येणारी, अतिरेकी असेल तर दैववादी. चार नावं पाठ करण्यापेक्षा ही दोन मापं लक्षात ठेवा, चारही प्रकार त्यातून निघतात. दैववादी प्रकाराचा उल्लेख त्याने केवळ एका तळटीपेत केलाय, म्हणून त्यावर परिच्छेद खर्च करू नका. टीका म्हणून एवढं पुरे: समूहांच्या सरासरीवरून एकेका व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि सरकारी नोंदीत किती आत्महत्या लपल्या असतील हा प्रश्न उरतोच.
दुसरी, संस्कृतीकरण. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं कर्नाटकातल्या कूर्गवरचं, ही संकल्पना मांडणारं पुस्तक १९५२ चं. ‘चांगले संस्कार घेणे म्हणजे संस्कृतीकरण’ असं लिहिलं की उत्तर तिथेच संपलं. खालच्या मानलेल्या जातीने वरच्या जातीचे आचार, विधी, आहार, जीवनपद्धती स्वीकारून जातिव्यवस्थेत वरच्या स्थानाचा दावा करणं, अशी ती प्रक्रिया आहे. तीन मुद्दे यायलाच हवेत. हे एकट्यादुकट्याचं नसतं, गटाचं असतं. याला एक-दोन पिढ्या लागतात. आणि यात त्या जातीची जागा बदलते, उतरंड तशीच राहते. आदर्श नेहमी ब्राह्मणच असतो असंही नाही, त्या भागातली प्रभुत्वशाली जातही आदर्श ठरू शकते.
स्तरीकरणात जातीवर प्रश्न आला तर डॉ. आंबेडकरांचा ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध वापराच. जातीचं मर्म त्यांनी अंतर्विवाहात, म्हणजे आपल्याच जातीत लग्न करण्याच्या नियमात, दाखवलं. गट बंदिस्त ठेवायचा तर त्यातल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. जोडीदार गेला की मागे उरणारी विधवा किंवा विधुर हे गणित बिघडवतात. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या बिघाडावरचे उपाय म्हणून कशा उभ्या राहिल्या, हे ते पायरीपायरीने मांडतात. सायन्सवाल्या मुलीला हा युक्तिवाद आवडेल, कारण त्यात एक पायरी काढली तर पुढची उभीच राहत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षाला याहून चांगलं वाचन नाही.
आणि उदाहरणं आपल्या गावातली द्या. अर्पित दर्जाविरुद्धच्या सामूहिक कृतीसाठी २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आहे, दादासाहेब गायकवाडांचं स्थानिक नेतृत्व आहे, १३ ऑक्टोबर १९३५ ची आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा आहे. फक्त घटना सांगून थांबू नका. मंदिरात कोणाला जाता येईल हे जन्मावरून ठरत होतं, म्हणून तो अर्पित दर्जाचा प्रश्न होता, हे जोडणारं वाक्य लिहा. गुण त्या वाक्याला असतात.

अनुसूची:
प्रोजेक्टबद्दल. ‘कुंभमेळा आणि समाज’ हा विषय घेऊ नकोस. पुढचा सिंहस्थ २०२७ ला, तुझं सबमिशन या सत्रात. हाताशी निरीक्षण नसेल तर प्रोजेक्ट नेटवरून उतरवलेल्या माहितीचा होतो आणि तोंडीत पहिल्याच प्रश्नाला अडकायला होतं. शिवाय त्यात मोजायचं काय, हेच ठरत नाही.
त्याच जागेवरचा लहान प्रश्न घे. उदाहरणार्थ, ‘रामकुंड परिसरातील पूजासाहित्य विक्रेत्यांमधील आंतरपिढीय व्यावसायिक गतिशीलता’. म्हणजे वडील काय करत होते, विक्रेता काय करतो, मोठं मूल काय करतं. तीन पिढ्या, एक संकल्पना, आणि ती तुझ्या स्तरीकरणाच्या युनिटमध्येच आहे.
आधी परिसराची हद्द ठरव आणि एक फेरी मारून दुकानं, टपऱ्या, टोपल्या घेऊन बसणारे या सगळ्यांची क्रमवार यादी कर. समजा ९० निघाले आणि तुला ३० हवेत, तर दर तिसरा घ्यायचा. पहिला १ ते ३ मधून चिठ्ठी टाकून काढ. २ आला तर २, ५, ८ असं पुढे. याला नियमबद्ध नमुना म्हणतात. जो बोलेल त्याला विचारलं, तर बोलक्या आणि मोकळ्या बसलेल्या लोकांचाच नमुना होतो. टोपलीवाल्या बायका त्यातून गळतात. निवडलेला माणूस जागेवर नसेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा जा. तरी भेटला नाही तर ‘अनुपलब्ध’ लिही, शेजारचा घेऊन आकडा भरू नकोस.
तू स्वतः विचारून उत्तरं भरणार आहेस, म्हणून तुझ्या कागदाचं नाव ‘मुलाखत अनुसूची’. उत्तरदाता स्वतः भरतो ती प्रश्नावली. अहवालात हे चुकवू नकोस. बारा ते पंधरा प्रश्न, पंधरा-वीस मिनिटं. सकाळी गिऱ्हाईक असतं, तेव्हा माणूस उरकून टाकणारी उत्तरं देतो, दुपारी जा. वय, किती वर्षं इथे, मूळ गाव हे आधी. उत्पन्न शेवटी, तेही आकडा न विचारता गटांत. जात विचारायची गरज या प्रश्नाला नाही, म्हणून विचारू नकोस. सुरुवातीला कॉलेजचं काम आहे, नाव लिहिणार नाही, नको असेल त्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तरी चालेल, एवढं सांग. नावाऐवजी क्रमांक १ ते ३०.
प्रश्न असे नकोत: ‘शिक्षण नसल्यामुळेच हा धंदा करावा लागला ना?’ यात उत्तर तूच देऊन टाकतेस. ‘हा धंदा आवडतो का आणि मुलांनी करावा असं वाटतं का?’ हे दोन प्रश्न आहेत, ‘हो’ आलं तर कशाला आलं ते कळणार नाही. खऱ्या कामाआधी तिघांना विचारून बघ. कुठला प्रश्न लोकांना दोनदा सांगावा लागतो ते लगेच दिसतं. हे तिघं तुझ्या तीसमधले नसावेत.

मखमलाबाद_एफवाय:
खूप आभार, विषय हाच घेते. वडील शेतकरी आणि मुलगा विक्रेता असेल तर ती गतिशीलता वर गेली धरायची की खाली? आणि टक्केवारी काढायची ना? वाचायला मराठीत काय मिळेल?

अनुसूची:
नुसत्या व्यवसायाच्या नावावरून वर की खाली ठरत नाही. दोन एकर कोरडवाहू आणि दहा एकर द्राक्षबाग, दोन्ही ‘शेतकरी’च. म्हणून एक प्रश्न वाढव: वडिलांकडे स्वतःची जमीन होती का, किती, बागायत की जिरायत? आणि दुसरा: वडिलांच्या तुलनेत आपली स्थिती कशी वाटते, सुधारली, तशीच की खालावली? मग व्यवसाय बदलला एवढंच कळलं तिथे ‘आडवी गतिशीलता (त्याच पातळीवरचा बदल) किंवा अनिश्चित’ असा रकाना ठेव. पुरावा असेल तिथेच ‘उभी’ (वर किंवा खाली) लिही. पुराव्याशिवाय सगळ्यांना वर चढवणं ही या विषयातली नेहमीची चूक आहे.
टक्केवारी काढ, पण शेजारी संख्या हवीच. तीस जणांत एक माणूस ३.३ टक्के होतो, त्यामुळे ‘४० टक्के’ म्हणजे १२ जण हे वाचणाऱ्याला दिसू दे. दशांश चिन्हापुढे एकच अंक. मुख्य तक्ता एकच: आडव्या ओळींत वडिलांचा व्यवसाय, उभ्या रकान्यांत विक्रेत्याचा आधीचा व्यवसाय, बेरीज दोन्हीकडून ३० यायला हवी. आता सगळेच विक्रेते आहेत, म्हणून आत्ताचा व्यवसाय रकान्यात घातलास तर तक्ता एकाच रकान्याचा होईल. मुलांसाठी वेगळा लहान तक्ता कर. ज्यांची मुलं अजून शिकताहेत किंवा ज्यांना मुलं नाहीत त्यांची संख्या त्याखाली लिही. निष्कर्षात ‘नाशिकमधील विक्रेते’ असं लिहू नकोस, ‘या परिसरातील निवडलेले ३० विक्रेते’ एवढंच म्हण.

सातपूरकर:
वाचनाचं: मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, समाजशास्त्रावरच्या नोंदी तिथे व्याख्यांसाठी भरवशाच्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मराठी पाठ्यपुस्तकं घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्यांसाठीच लिहिलेली असतात. गंगापूर धरणाजवळच्या मुख्यालयात किंवा अभ्यासकेंद्रावर चौकशी करा. एनसीईआरटीचं अकरावीचं समाजशास्त्र हिंदीत मोफत उतरवून घेता येतं, त्यातली उदाहरणं भारतीय आहेत. आंबेडकरांचा तो निबंध महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी पहिल्या खंडात आहे. खंडासाठी आधी कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा, नसेल तर सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक). गाईड घेतलंत तरी आपल्या सिलॅबसच्या वर्षाशी जुळवून पाहा. अभ्यासक्रम बदलतो आणि जुन्या पॅटर्नचं गाईड दुकानात तसंच विकलं जातं.